घड्याळांच्या दुकानातला लॅपटॉप

बाबांना धाकटीचं कौतुक करायला निमित्त लागत नसे. समोरच्यानं नुसतं "आज फार उकडतंय" म्हटलं तरी ते म्हणत, "हो ना, आणि असल्या उकाड्यात आमच्या धाकटीनं काल एक मेलेला कॉम्प्युटर जिवंत केला." घड्याळ दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानाचे सात वर्षांपूर्वी दोन भाग झाले होते. डावीकडं त्यांचं टेबल, भिंग, चिमटे आणि बारीक खणांचं कपाट. उजवीकडं धाकटीचं टेबल, त्यावर पोट उघडून पडलेले लॅपटॉप आणि वायरींचा गुंता. थोरली लग्न होऊन परगावी गेली, आणि धाकटीनं कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून बापाच्या शेजारीच बस्तान मांडलं. तेव्हापासून बाबा स्वतःच्या कामाबद्दल बोलेनासेच झाले. "घड्याळं आता कोण दुरुस्त करतं? खरं काम आमच्या पोरीचं," असं म्हणून ते उजवीकडं बोट दाखवत.

धाकटीला हे कौतुक आवडत नव्हतं असं नाही. पण गोडसुद्धा रोज खाल्लं की दात दुखतात. शिवाय बाबांच्या कौतुकात एक खोट होती. ते बोलत आणि निस्तरावं हिला लागे.

काल दुपारी तर त्यांनी कमालच केली. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की कुठल्याशा कार्यालयानं वाचनालयाला सव्वीस जुने लॅपटॉप दिले होते, ते तीन वर्षं कपाटात पडून आहेत. संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलांना ते देता येतील असं वाटलं होतं, पण दोन दुकानदारांनी बघूनच हात झटकले. आता ती खोली रिकामी करायची आहे. उद्या चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येणार.

"झटकू द्या त्यांना हात," बाबा म्हणाले. "आमची धाकटी आहे ना. डोळे मिटून द्या तिच्याकडे. एक लॅपटॉप पाठवा, उद्या चारच्या आत चालू करून देते. नाही झाला तर दुकानाची पाटी उतरवतो."

धाकटीच्या हातातला स्क्रू खाली पडला. दारात उभा असलेला पेपरवाला हे ऐकून गेला, म्हणजे तासाभरात सगळ्या गल्लीला कळणार होतं. ती पाटी बाबांनी पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं रंगवली होती, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते खरोखरच शिडी लावून ती उतरवायला कमी करणार नाहीत, हे तिला चांगलं माहीत होतं.

ग्रंथपाल बाई गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला विचारायचं तरी."

"तुला काय विचारायचं? तू करणारच."

रात्री आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांची जीभ म्हणजे स्प्रिंग सुटलेलं घड्याळ आहे. एकदा सुटली की थांबत नाही." पण म्हणताना ती हसत होती. या घरात धाकटीचं कौतुक सगळ्यांनाच गोड लागे, अडचण फक्त धाकटीची होई.

सकाळी साडेनऊला लॅपटॉप आला. जाडजूड, कोपऱ्यात चिरलेला, पण कळफलक शाबूत. त्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेत होती. धाकटीचा बेत सरळ होता. ती पुसायची आणि जुन्या यंत्रांसाठी बनवलेली एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम पेनड्राइव्हवरून घालायची. असले पन्नास तरी तिनं केले होते. तिनं पेनड्राइव्ह लावला, सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन 'आधी पेनड्राइव्ह वाच' असं सांगितलं आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत काम निम्म्यावर आलं. मग लॅपटॉपनं इंटरनेटवरून उरलेल्या फायली मागवायला सुरुवात केली आणि थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही. इन्स्टॉलेशन अयशस्वी.'

"झालं?" बाबांनी डावीकडून विचारलं.

"होतंय," धाकटी म्हणाली.

तिला वाटलं पेनड्राइव्ह खराब असेल. तिनं दुसरा घेतला, सिस्टीमची फाइल नव्यानं उतरवून त्यात भरली. घोडं तिथंच अडलं. मग वाटलं दुकानातलं इंटरनेट कुरकुर करतंय. तिनं मोबाइलचं नेट जोडलं. तीच लाल अक्षरं. मग लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली, मेमरीची पट्टी बदलली, पुन्हा सगळं जोडून निळ्या पडद्यावरून सुरुवात केली. पुन्हा तेच. मग परत बॅटरी काढली आणि हार्ड डिस्क बदलून पाहिली. एक वाजला. आईनं डबा पाठवला होता, तो तसाच बंद राहिला.

मधल्या वेळात बाबांकडं तीन माणसं आली. एकाला घड्याळाचा पट्टा हवा होता, दोघांना नुसती बातमी. "चारला दाखवतो की," बाबा त्यांना सांगत होते. "माझ्या पोरीच्या हाताला यश आहे." प्रत्येक वेळी धाकटीचे कान तापत. बाबा गप्प बसले असते तर तिला हरायलाही जमलं असतं. यंत्रं जुनी होतात, भंगारात जातात, त्यात लाज कसली? पण आता हरली तर एकटी ती हरणार नव्हती. गल्लीतली माणसं म्हाताऱ्याला हसणार होती. पाटीचं काय झालं हो, म्हणून विचारणार होती.

सव्वादोनला तिनं तिसऱ्यांदा बॅटरी काढली आणि लावली. निळा पडदा पुन्हा समोर आला. तिचे हात टेबलावर नुसते पडून राहिले.

बाबांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि मान लांब करून पडद्याकडं पाहिलं. मग त्यांनी जवळच्या कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?"

"काही नाही. सवय."

सवय खरीच होती. दुकानात आलेल्या प्रत्येक घड्याळाची बाबा चिठ्ठी करत. आलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते, खरे किती वाजले होते, दोन्ही लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहीत. त्यातून कळे की घड्याळ पळतंय, रेंगाळतंय की मेलंय. घड्याळ उघडायच्या आधी त्याला बोलू द्यावं, असं ते म्हणत.

"तुझं हे फारच मागं आहे," बाबा म्हणाले.

"काय मागं आहे?"

"घड्याळ. वर कोपऱ्यात आहे बघ, बारीक अक्षरात. बारा वाजून दोन मिनिटं, एक जानेवारी. तेरा वर्षं मागं."

"बाबा, तो लॅपटॉप आहे." ती चिडलीच. "आणि आपल्या दुकानात कुठलं घड्याळ बरोबर असतं?"

बोलून झालं आणि ती स्वतःच थबकली. समोरच्या भिंतीवर बेचाळीस घड्याळं टांगली होती आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. एकात सव्वासहा, एकात पावणेअकरा, एक तर गेल्या वर्षापासून साडेतीनवर हटून बसलेलं. ती या भिंतीखाली रांगली, इथंच बसून तिनं शाळेचा अभ्यास केला. घड्याळात दिसतं ते खरं नसतं, हे ती बोलायच्या आधी शिकली होती. खरी वेळ बाबांना विचारायची असते. त्यामुळं सकाळपासून पाच वेळा त्या निळ्या पडद्यावर जाऊनही कोपऱ्यातल्या आकड्यांवर तिची नजर एकदाही ठरली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"चिठ्ठी बघू," ती म्हणाली.

बाबांनी कागद पुढं केला. पाच ओळी होत्या. पावणेदहा वाजता, 'तारीख एक, बारा वाजून तीन.' अकराला, 'एक वाजून अठरा, बरोबर चालतंय.' पुढं एक बाण, 'बॅटरी काढली,' आणि पुन्हा बारा वाजून दोन. पुन्हा बाण, पुन्हा बारा वाजून चार. शेवटची ओळ आत्ताची.

"चालू असतं तेव्हा चांगलं चालतं," बाबा म्हणाले. "वीज तुटली की सगळं विसरतं आणि पहिल्यापासून सुरू. म्हणजे आतला सेल मेलाय. असतो ना यात पण चपटा सेल?"

असतो. वेळ लक्षात ठेवायला लॅपटॉपच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो, आणि तीन वर्षं कपाटात पडून हा केव्हाच संपला होता. धाकटीला आता सगळं लख्ख दिसलं. इंटरनेटवरची प्रत्येक विश्वासाची जागा आपली ओळखचिठ्ठी दाखवते आणि त्या चिठ्ठीवर तारीख असते, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत चालेल अशी. बिचारा लॅपटॉप तेरा वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीत बसला होता. त्याच्या हिशेबानं ती चिठ्ठी अजून लिहिलीच गेली नव्हती. तो खोटी म्हणून ती परत पाठवत होता. पेनड्राइव्ह, मेमरी, डिस्क सगळं निर्दोष होतं.

"बाबा, सकाळी पावणेदहाला तुम्हाला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाही? पाच तास मी झक मारतेय इथं."

बाबांचा चेहरा पडला. ते चिमटा हातात घेऊन उगाच पुसत बसले. "मला वाटलं तुला दिसलंच असेल. तुला सगळं येतं. घड्याळवाल्यानं तुला काय शिकवायचं?"

धाकटीला राग आला होता, तो अर्ध्यातच विरला. सात वर्षं हा माणूस गल्लीभर तिचे ढोल बडवत होता, आणि त्या ढोलांच्या आवाजात स्वतः हळूहळू गप्प होत गेला होता. ते तिच्या कधी लक्षातच आलं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं लॅपटॉप बंद करून त्याचं पोट उघडलं आणि तो डावीकडच्या टेबलावर, त्यांच्या दिव्याखाली ठेवला. "सेल तुम्ही बदला."

"मी?"

"माझ्याकडं सेल आहेत कुठं? तुमच्या कपाटात आहेत."

बाबांनी तिसऱ्या ओळीतला खण न बघता उघडला. वीज मोजायच्या मापकाची टोकं जुन्या सेलला लावून काटा हलत नाही हे तिला दाखवलं, चिमट्यानं तो अलगद उचलला आणि त्याच जागी नवा बसवला. सत्तरीला आलेले ते हात जराही थरथरत नव्हते. धाकटीनं कितीतरी वर्षांनी ते काम नीट बघितलं. आपल्या हातात जी सफाई आहे असं लोक म्हणतात, ती कुठून आली हे तिला समोर दिसत होतं, आणि तिची छाती अभिमानानं भरून आली.

"आता वेळ लाव," बाबा म्हणाले.

"तुम्ही सांगा. किती वाजले?"

बाबांनी मनगटाकडं पाहिलं. "दोन सत्तेचाळीस."

तिनं तारीख आणि वेळ घातली आणि सहाव्यांदा सुरुवात केली. फायली यायला लागल्या. जिथं पाच वेळा लाल अक्षरं आली होती ती जागा आली तेव्हा दोघांनीही श्वास रोखला. पट्टी पुढं सरकली आणि सरकतच राहिली. साडेतीनला नवी सिस्टीम सुरू झाली. धाकटीनं खात्रीसाठी लॅपटॉप बंद केला, वायर आणि बॅटरी दोन्ही काढली, पाच मिनिटं थांबून परत जोडली. वेळ बरोबर होती. मग दोघांनी आईचा गार झालेला डबा खाल्ला.

चारला पाच कमी असताना ग्रंथपाल बाई आल्या. मागं पेपरवाला होताच, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बाईंनी लॅपटॉप सुरू केला, पानं उघडली, एक धडा मोठ्या अक्षरात करून पाहिला आणि मागं वळून म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला मी परत पाठवते. सगळे सव्वीस इथं आणते. पण याला झालं काय होतं? त्या दोन दुकानदारांना कसं कळलं नाही?"

बाबांनी छाती पुढं काढली आणि तोंड उघडलं. "अहो, आमची धाकटी..."

"बाबा, थांबा," धाकटी म्हणाली. "आज मी सांगते."

तिनं सगळं सांगितलं. पाच तास आपण कुठं कुठं आंधळेपणानं चाचपडलो, ते काही न लपवता सांगितलं. बाबांची चिठ्ठी बाईंच्या हातात दिली आणि पाचही ओळी वाचून दाखवल्या. "हे लॅपटॉप उघडायला मी आहेच," ती म्हणाली. "पण दोष माझ्या बाबांनी काढला, आणि लॅपटॉप न उघडता काढला. उरलेल्या पंचवीसमध्येही बहुतेक हाच दोष निघेल. सेलचं काम तेच करणार." तिचा आवाज मुद्दाम चढला होता. पेपरवाल्याला नीट ऐकू जावं म्हणून. "पस्तीस वर्षांचा हात आहे, बाई. डोळे मिटून द्या त्यांच्याकडे."

बाई बाबांकडं वळल्या. ते काहीतरी बोलतील म्हणून सगळेच थांबले. त्यांनी भिंग कपाळावरून डोळ्यावर ओढलं, दिवा जवळ घेतला आणि टेबलावर खाली वाकले.

टेबलावर त्या वेळी एकही घड्याळ नव्हतं.