चाकं थंड होईपर्यंत

मी एक होडी बोलतेय. शिडाची, लहानशी, आत दोघांना झोपता येईल एवढी. बोलतेय मात्र ट्रेलरवरून. जन्म पाण्यासाठी झाला आणि आयुष्य चाललंय डांबरावर. माझ्या तळाला लाट कशी ती ठाऊक नाही. वाटेतले पेट्रोल पंप मात्र सगळे पाठ आहेत.

साच्यातून निघाले तेव्हा कारखान्याचा मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "ही वाऱ्यावर छान पळेल." त्या एका वाक्यावर मी अजून दिवस काढतेय.

मला निवडायला प्रोफेसर आले ते टेप घेऊनच. निवृत्त, विद्वान माणूस, पण जीव कायम टांगणीला लागलेला. शेजारची मोठी होडी त्यांच्या मनात भरली होती, पण त्यांच्या गाडीला ती ओढवली नसती. दुसरीच्या पोटाखालचं, पाण्यात तोल धरणारं जड पातं कायमचं खाली. तिला पाण्यात सोडायला क्रेन लागली असती. माझं पातं दोरीनं वर ओढून पोटात घेता येतं, डोलकाठी आडवी पाडता येते, रुंदी रस्त्याच्या नियमात बसते. एवढं पटूनही ते पुन्हा पुन्हा येऊन मला मापत राहिले, जणू दोन भेटींच्या मध्ये मी अंग धरणार होते!

त्यांची बायको एकदाच आत शिरली, चपला काढून आडवी झाली आणि म्हणाली, "पाय लांब होतात हो. घेऊन टाका."

"अगं, पण उंची? बसल्यावर डोकं..."

"डोकं तुमचं आपटेल. मी झोपणार आहे."

तिला एवढंच हवं होतं: एक रात्र पाण्यावर. निवृत्त झाल्यावर नेईन, असा शब्द त्यांनीच दिला होता. मी घरी आले, अंगणात उभी राहिले, आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. घर ते धक्का, धक्का ते घर.

नडतात ती ट्रेलरची चाकं. मला सोडायला ट्रेलर उतारावरून मागे घेत चाकांसकट पाण्यात घालावा लागतो. लांबून आलेल्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तसेच गार पाण्यात घातले तर आत पाणी ओढलं जातं आणि ते खराब होतात. हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. म्हणून धक्क्याच्या उताराशी पोचलो की प्रोफेसर उकिडवे बसून चाकाला उलटा हात लावतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. "अजून कोमट आहे." मग थांबायचं. चाक निवेपर्यंत वारा वाढतो. वारा पडेपर्यंत ऊन कलतं. "आता अंधारात कुठे? पुढच्या वेळी बघू." घर गाठेपर्यंत चाकं पुन्हा तापलेली!

पुढच्या महिन्यात बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर माझी शिडी चढता येईल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. आज उताराशी पोचताच त्या कठड्याला धरून, कण्हत, एकेक पायरी चढल्या आणि माझ्यात येऊन बसल्या.

चाकं निवली. प्रोफेसरांनी आभाळाकडे पाहिलं. "अगं, उतर. वारा जरा जास्तच वाटतोय. पुढच्या रविवारी येऊ."

"या तुम्ही. मी बसलेय इथे."

"होडीत माणूस बसवून रस्त्यावर नेता येत नाही. नियम आहे."

"माहितेय मला. म्हणून तर बसलेय."

रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबणारा माणूस हा. बिचारे दोन वेळा गाडीभोवती फिरले. चाकाला पुन्हा हात लावला. मग आत बसून गाडी हळूहळू मागे घेऊ लागले.

आत्ता ट्रेलरची चाकं पाण्यात बुडालीत. पाणी माझ्या तळाला लागेल लागेल म्हणतंय. आणि गाडी थांबलीय. खिडकीतून डोकं बाहेर आलंय.

"अगं, नक्की ना? अजून मागे घेऊ?"

"अहो, पाणी मागेच आहे! घ्या!"

ब्रेकचा लाल दिवा माझ्या नाकासमोर जळतोय. तो काही विझत नाही.

वाचकहो, तुमचं तरी ऐकतील म्हणून विनवते, सांगा त्यांना. खरचटलं तर रंग देता येईल, बेअरिंग गेले तर नवे घालता येतील. प्रोफेसर, तुम्ही फक्त ब्रेकवरचा पाय उचला. पुढचं मला येतं.

येत असावं.