आधी आबांनी चावायचं

टेलरआबांच्या धाकट्या मुलीला दुसरं बाळ झालं, त्या वर्षीची गोष्ट. बाळंतीण वरच्या खोलीत आणि तिची थोरली लेक खाली, आबांच्या गळ्यात. या नातीला सगळे खारूताई म्हणत. पण खारीसारखं कुरतडणं सोडाच, दूध-बिस्किटाशिवाय पोरगी कशाला तोंड लावेल तर शपथ. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. फळं-भाज्या पोटात गेल्या नाहीत तर पोर अंथरूण धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाळाला बघायला येणाऱ्या नर्सबाईंनी उपाय सांगितला. "जबरदस्ती करू नका, आबा. हाताळू द्या, हुंगू द्या. ओळख झाली की खाईल."

आबांचा जन्म कापड चाचपण्यात गेलेला. त्यांना हे पटलं. उशीच्या अभ्र्यात रोज एक जिन्नस घालायचा आणि खारूताईने आत हात घालून सांगायचं.

"कसं लागतंय?"

"मऊ. बाळाच्या गालासारखं."

आबा खूश. केळं सोललं, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "बघ, आधी आबा, मग तू. हा आपला नियम."

खारूताईने ओठ असे मिटले, जणू कुणी त्यांवर टीप मारली.

दुसऱ्या दिवशी पपई. तिने हुंगली आणि निकाल दिला, "बाळाची शी." उकडलेल्या भोपळ्याला बोटांनी भोकं पाडली. पिकलेला टोमॅटो भिंतीवर गेला. आबा रोज बाजारात जायचे, रोज भिंत पुसायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

"अगं, माझे आई, एक घास खा! तुझ्या पाया पडतो!"

"बाबा, ओरडू नका हो," वरून लेकीचा आवाज. "आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय."

"मग तूच ये आणि भरव हिला!"

"आधी तुम्ही कवळी घाला. तुमचं बोलणं मला कळत नाही, तिला काय डोंबल कळणार!"

कवळीचं नाव काढलं की आबांच्या अंगाची लाही व्हायची. ती टोचायची. मरेन पण हा दगड तोंडात घेणार नाही, असं म्हणून त्यांनी ती कपाटात वाटीत ठेवून दिली होती.

त्या दिवशी तर हद्द झाली. खारूताईने पिकलेला चिकू मुठीत चेंगरला आणि हात आबांच्या सदऱ्याला पुसला. आबांनी अभ्रा ओट्यावर भिरकावला. तिथे उकडायला काढलेलं गाजर होतं. ते घरंगळून फरशीवर पडलं आणि मोडलं. कट्ट!

खारूताईने तुकडा उचलला. कानाशी धरून पुन्हा मोडला.

"आबा, हे बोलतं!"

तिने तुकडा ओठांना लावला. आबांनी श्वास रोखला. पण तिने तो त्यांच्यापुढे धरला. "आधी तू."

आबांनी गाजर हिरडीत धरून चघळल्यासारखं केलं.

"असं नाही. वाजव."

आबांनी तुकडा तोंडातून काढून पाहिला, तो अख्खाच होता. केळं, पपई, भोपळा, चिकू... इतके दिवस त्यांनी पोरीला काय हवं ते पाहिलंच नव्हतं. आपल्या बोळक्याला जमेल तेवढंच बाजारातून आणलं होतं.

आबा कपाटाकडे गेले. स्वतःलाच शिव्या घालत ते उघडलं, कवळी धुतली आणि तोंडात बसवली. गाजर चावलं. कट्ट! कळ थेट कानापर्यंत गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"तुला तिखट लागलं?" खारूताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःही चावलं. कट्ट.

"बाबा, काय मोडलं?" वरून हाक आली.

"काही नाही! झोप तू!"

मग काकडी आली, मुळा आला, कच्चा पेरू आला. आबांच्या हिरड्या सोलून निघाल्या, कुरकुर शेवटपर्यंत थांबली नाही. पण कवळी पुन्हा कपाटात गेली नाही. ओट्यावर, गाजरांशेजारी राहिली.

पुढे काही वर्षांनी खारूताईचा पहिला दुधाचा दात पडला. त्या वर्षीच्या थंडीत, एका गुरुवारी पहाटे टेलरआबा झोपेतच वारले.