साडेपंधरावर नेलेला काटा

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलेल्याला अर्धंच ऐकू येतं आणि अर्धं ऐकलेलं मग गावभर होतं. मी काही कीर्तनकार नाही. सिंदी रेल्वेत धान्य-किराण्याचं दुकान चालवणारा मधुकर. जन्मभर कीर्तनात पहिल्या रांगेत मांडी घालून बसलो, तेवढीच माझी कमाई. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती माझ्याच हाताची आहे, म्हणून कान देऊन ऐका.

दोन हजार नऊचं साल होतं. भारनियमनानं जीव नकोसा केला होता. सकाळी दहाला लाइन गेली की एकपर्यंत परत यायची नाही. त्यात आमच्या मंदिराचा सप्ताह. त्या वर्षी कीर्तनाला रुख्मिणीबाई येणार होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, गळ्याचं ऑपरेशन झालेलं. चाल तीच, लय तीच, पण आवाज सुतासारखा बारीक. माइकशिवाय तिसऱ्या रांगेलाही पोचायचा नाही. जनरेटर लावला तर त्याच्या धडधडीत बाईंचा आवाज बुडायचा आणि मंदिराची जुनी बॅटरी तर केव्हाच मेलेली.

तेव्हा चिंधू पुढं आला. चिंधू उईके. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंदिराचेच तीन गाळे आहेत, त्यातल्या शेवटच्या गाळ्यात तो रेडिओ, टीव्ही, पंखे दुरुस्त करायचा. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण बंद पडलेली वस्तू हातात घेतली की आधी तिला कानाशी लावायचा, जणू तीच सांगणार आहे तिला काय होतंय.

माझा पुण्याचा भाचा धर्मेंद्र विजेवर चालणाऱ्या स्कुटरींच्या वर्कशॉपात होता. त्याच्याकडून मी चार सेल मागवले. लिथियम आयर्न फॉस्फेट, असं लांबलचक नाव. सोबत इंग्रजी कागद होता. चिंधूनं तो कागद आठ दिवस खिशात बाळगला, शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला, पुन्हा वाचून घेतला. मग चार सेल तांब्याच्या पट्ट्यांनी जोडले, प्लायवुडची पेटी केली, जुन्या स्टॅबिलायझरचा काट्याचा मीटर लावून चार्जरही घरीच बांधला.

"भाऊ, पाह्यजो नीट," तो मला म्हणाला. "एका सेलले साडेतीनच्या जरासं वर. चार सेलचे मिळून चौदा पॉइंट दोन. काटा इथं आला, हिरवा दिवा लागला, का चार्जर काढून ठेवाचा."

"आन राह्यला लावून तर?"

"नाई राहू द्याचा. पाण्याची बॅटरी सोसते. जास्त झालं त उकळते, पानी टाकलं का झालं. याच्यात पानी नाई न काई नाई. जास्तीचं जाईन कुठं?"

चार्जरवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा एक बारका स्क्रू होता. काटा चौदा पॉइंट दोनवर आणून चिंधूनं त्या स्क्रूवर लाल थेंब टाकला. त्याच्या लेकीच्या, मयुरीच्या, नेलपॉलिशचा.

"हे सील हाये भाऊ. कोनाचा हात लागला त समजते."

मी हसलो. म्हटलं, "लेकीचं नेलपॉलिश देवाच्या कामी आनलं तू!"

"तिनं पैले भांडून घेतलं, मंगच देल्लं," तो म्हणाला.

सहा दिवस बॅटरी अशी चालली की विचारू नका. लाइन गेली तरी लोकांना समजायचंही नाही. बाईंचा आवाज पार चपला काढायच्या जागेपर्यंत जायचा. लोक चिंधूची पाठ थोपटायचे आणि तो लाजून वायरीच गुंडाळत बसायचा.

आता माझं ऐका. आमच्या दुकानाची एक रीत आहे. वडील पायलीनं जवारी मापायचे तेव्हा सपाट माप कधी दिलं नाही, मापाच्या काठावर धान्याची निमुळती शीग लावायचेच. पुढं काटे-वजनं आली, पायली गेली, तरी माल तोलून झाला की वर एक मूठ टाकायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना शीग दिसली पाहिजे. या रीतीचा मला फार अभिमान. कुठलीही वस्तू देताना नेमकी दिली की मला ती कमीच दिल्यासारखी वाटते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी लोक पांगले. पेटी चार्जिंगला लावली होती. हिरवा दिवा लागला, काटा चौदा पॉइंट दोनवर उभा. चिंधू बाहेर खांबावरून कर्णे उतरवत होता. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन, रोजच्याहून दीडपट लांब. मला वाटलं, आपण देवाच्या कामाला सपाट माप देऊन राहिलो. बाईंच्या आवाजाला थोडी शीग लागली पाहिजे.

नखानं लाल थेंब खरवडला. शर्टाच्या खिशातल्या टेस्टरनं स्क्रू फिरवला. काटा पंधरावर आला. मनात म्हटलं, अजून थोडं. साडेपंधरा. हिरवा दिवा विझला, लाल लागला. मला तर आनंदच झाला, की बघा, अजून जागा होती! चार्जर तसाच लावून ठेवला आणि घरी गेलो. चिंधूनं जाताना विचारलं, "काढला ना भाऊ चार्जर?" मी म्हणालो, "मी पाहतो, तू जाय." त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

सकाळी मी पेटीकडे फिरकलोच नाही आणि चिंधू कर्णे बांधण्यात गुंतला होता. नवाला काला सुरू झाला. बाई सांगत होत्या, यमुनेच्या काठी सगळ्या गड्यांनी आपापली शिदोरी उघडली. कोणाची शिळी भाकर, कोणाचं आंबट ताक. कोणी आपली शिदोरी लपवली नाही, म्हणून तो काला झाला. ते ऐकत असतानाच मंचाच्या बाजूनं फुस्स असा आवाज आला. उग्र, गोडसर वास. पेटीचं झाकण वर उचललेलं. आतले सेल फुगले होते.

"सरका! लेकरं घ्या बाजूले!" चिंधू ओरडला. त्यानं चार्जरची वायर उपटली, पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि तसाच बाहेर धावला. झाकण निसटलं, तापलेली पट्टी उजव्या हाताला लागली, तरी पेटी खाली टाकली नाही. मोकळ्या मैदानात नेऊन ठेवली, मगच खाली बसला. उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी गेली होती.

दहाला लाइन गेली. रुख्मिणीबाई थांबल्या नाहीत. तसल्याच आवाजात पुढं सांगत राहिल्या. मला सगळं ऐकू येत होतं, मी पहिल्या रांगेत होतो ना. मागच्या बाया थोडा वेळ ओठांकडे बघत बसल्या आणि मग एकेक करून उठल्या.

मंदिर कमिटीचे अध्यक्ष प्रभाकरराव बाहेर येऊन चिंधूवर बरसले, "अबे, देवाच्या दारात घरगुती प्रयोग कराले लाज नाई वाटत? पोरं जळाली असती म्हंजे?"

चिंधूनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी उपरण्यानं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमिटी बसली; तिच्यात मीही होतो. प्रभाकरराव म्हणाले, अशा माणसाच्या हाती गाळा ठेवणं धोक्याचं आहे, महिनाभरात खाली करून घ्यावा. महादेवराव तेवढे म्हणाले, "एक डाव त्याले इचारा तरी, कसं झालं ते."

"त्याले काय इचारता? सातवी शिकला तो!" प्रभाकररावांनी उडवून लावलं.

हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. मीही केला. तोच हात, टेस्टर धरलेला.

घरी बायको, चंचल, म्हणाली, "जेवत काऊन नाई तुमी? सप्ताहाचा उपास सरला ना?" मी ताट बाजूला सारलं आणि उठलो. दुकानात गिऱ्हाइकाला तूरडाळ तोलून दिली आणि वरची मूठ टाकायला हात उचललाच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, आज रागावले काय?" रोज संध्याकाळी मंदिरात जायचो, देवासमोर उभा राहायचो आणि देवापेक्षा शेजारच्या भिंतीकडेच जास्त बघायचो.

पंधरा दिवसांनी चिंधूच्या गाळ्यावर गेलो. तो डाव्या हातानं डब्यात सामान भरत होता. उजवा फडक्यात बांधलेला.

"चिंधू, तो स्क्रू मी फिरवला होता."

"मालूम हाये भाऊ," त्यानं मान वर केली नाही. "त्याच दिवशी पाह्यलं. लाल रंग खरवडलेला होता."

मी जवळच्या खोक्यावरच बसलो. "मंग बोलला काऊन नाई?"

"कोनापुढं बोलू? शेठनं हात लावला म्हनून मी सांगतो आन लोक मानतेत?" मग म्हणाला, "आन तुमी समोरच्या रांगेत बसनारे मानूस. मले वाटलं, आज सांगतीन. मंग वाटलं, उद्या सांगतीन. कमिटीच्या दिवशी त मी बाहेरच उभा होतो, चपलाजवळ."

"मले वाटलं, जास्त भरलं त बाईचा आवाज जास्त वेळ चालन."

"चारी सेल एकसारखे नसते ना भाऊ. तीन भरले न थांबले, जास्तीचं सारं चौथ्याच्या माथी गेलं. तो बिचारा फुगला, मंग बाकीचे बी गेले." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तुमची नियत वाईट नव्हती. मले ते ठाऊक हाये. पन हात वर केला तवा नियत कुठं होती?"

मी खोक्यावरून उठलो आणि घरी आलो. 

पुढच्या एकादशीला मंदिरात कीर्तन होतं. बुवांनी नमन सुरू करायच्या आधी मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगितलं तसंच. टेस्टरचं, साडेपंधराचं, "मी पाहतो" म्हटल्याचं, हात वर केल्याचं. बायांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "अगाई!" प्रभाकरराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मधुकरराव, तुमी इतके दिवस काय करून राह्यले होते?" मी म्हणालो, "भीत होतो."

कमिटीनं ठराव मागं घेतला. महादेवराव आणि मी चिंधूला बोलवायला गेलो तर गाळ्याला कुलूप. महिना भरायच्या आधीच तो लेकीला घेऊन आर्वीला गेला होता, बसस्टँडजवळ साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, दुरुस्तीच्या दुकानात. आम्ही एसटीनं आर्वी गाठली. त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"गावासमोर बोलले, चांगलं केलं," तो म्हणाला. "पन आता नाई येत भाऊ. तिथं कोनाची वस्तू बिघडली का पैले माह्याकडेच पाहतीन. इथं मले कोनी ओळखत नाई, तेच बरं हाये."

चहाचा कप त्यानं डाव्या हातानं धरला होता. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. वायरींना सोल्डरचा बारीक डाग लावायचं काम आता साळा करतो, मी फक्त सांगतो कुठं लावायचा, असं तो हसून म्हणाला. मला ते हसणं बघवलं नाही.

सिंदीत आजही काही जण म्हणतात, "तो चिंधू, ज्याची बॅटरी फुटली होती." माझं सांगणं वीस-पंचवीस माणसांनी ऐकलं, प्रभाकररावांचं ओरडणं अख्ख्या गावानं. म्हणून मी भेटेल त्याला जवळ बसवतो आणि ही गोष्ट सांगतो. तुम्ही माझं नाव विसरलात तरी चालेल. पण चिंधू उईके लक्षात ठेवा. त्यानं काटा बरोबर जागी लावला होता. त्याच्या कामात खोट नव्हती. कुठं त्याचा विषय निघाला तर एवढं सांगा, आणि रात्री देवाचं नाव घ्याल तेव्हा त्याच्या बोटांसाठीही एकदा घ्या.