लाल्याचा रंग उडाला तेव्हा

मित्रांनो, पत्र्याचं यंत्र कुणावर जळत नसेल असं वाटतं ना तुम्हाला? मग जरा माझ्याजवळ बसा. मी जुना हार्वेस्टर. उभं पीक कापायचं, झोडपायचं, भुसा मागे फेकायचा आणि दाणे पोटात भरायचे, ही माझी जन्माची कामं. आता शेडमागे उभा असतो आणि जळतो. खोटं कशाला बोलू?

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा पिवळा रंग बघणाऱ्याचे डोळे दिपवायचा. पहिल्या मालकाने पिळून काढलं आणि विकलं. दुसरे मालक भेटले ते हे. शेत लहान, पण मला जपलं बघा. काम संपलं की मालक खिशातला रुमाल काढून माझी काच पुसायचे. मालकीणबाईंनी माझ्या फाटक्या सीटला जुन्या चादरीची गादी शिवली. असले लाड किती यंत्रांचे होतात?

एकदा माझे तेलाचे पाइप फुटले. मालकीणबाईंचा भाऊ पाहुणा आला होता, तो म्हणाला मी बसवतो. बसवले, पण उलटे. तेव्हापासून चालकाच्या हाताजवळचा दांडा पुढे ढकलला की माझा कटर, म्हणजे पुढचं कापायचं लांबलचक तोंड, वर जायचा आणि मागे ओढला की खाली यायचा. बाकीच्या हार्वेस्टरांचं नेमकं याच्या उलट. मालक हसून बायकोला म्हणाले, "तुझ्या भावाचं सगळंच उलटं." पण पाइप तसेच राहिले. हाताला सवय लागली.

गेल्या हंगामात ऐन कापणीत माझं इंजिन बसलं. दुसरं यंत्र मिळेपर्यंत अर्धा गहू झडून मातीत गेला. आणखी एक हंगाम असा गेला तर शेत राहत नाही, हे दोघांनाही कळत होतं. मग मला ट्रॅक्टरला बांधून जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे नेलं. मला द्यायचं आणि दुसरा घ्यायचा.

तिथे तो उभा होता. लालभडक, चकाचक, नवरदेवासारखा. मी त्याचं नाव लाल्या ठेवलं. मालक त्याच्याभोवती फिरले, पाठीवर हात फिरवला आणि काच पुसायला रुमाल काढला. माझा रुमाल! माझ्या देखत! दिसायला देखणा होता मेला, म्हणून तर जास्त लागलं.

मालकीणबाई मात्र कोपऱ्यातल्या एकाकडे वळल्या. माझ्याच बनावटीचा, उन्हाने पार विटलेला. व्यापारी म्हणाला, "वहिनी, तो गरिबाघरचा आहे. हा लाल घ्या. चावी फिरवा, बाकीचं तोच बघतो."

"अहो, आधी चालवून तर बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

मालक लाल्यावर चढले. निघायच्या आधी कटर वर घ्यावा म्हणून त्यांनी दांडा पुढे ढकलला. माझ्या सवयीने! लाल्याने फरशीवर असं काही तोंड आपटलं की आवारातली कबुतरं उडाली. कटर अंगाला जोडतात त्या सांध्यावरचा रंग खपल्याखपल्यांनी गळला. आत पुट्टी, आणि पुट्टीखाली हातभर तडा, कसाबसा वेल्डिंग मारलेला.

व्यापारी तणतणला, दांडा पुढे केला की कटर खालीच जातो, एवढं कळत नाही का? मालकांचा चेहरा पडला. मालकीणबाई खाली वाकल्या, तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या गव्हात उघडं पडलं असतं म्हणजे?" मग त्या नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माझ्या भावाला नावं ठेवत होतात ना?"

मित्रांनो, इंजिन चालू असतं तर मी त्या आवारात नाचलो असतो.

पण माझा आनंद कसला टिकतोय! त्यांनी त्या विटक्याच्या तोंडात पेंढीभर गहू घालून बघितला, दाणे स्वच्छ पडले आणि सौदा ठरला. मला व्यापारी भंगार म्हणून ठेवून घेणार होता. मालकीणबाई म्हणाल्या, "नको. दोघं एकाच बनावटीचे आहेत. याचं काढून त्याला लावता येईल." अशी माझी घरवापसी झाली. आज साखळी गेली, उद्या पट्टा. गादीसुद्धा त्याच्याच बुडाखाली गेली. मी जळू नको तर काय करू?

तुमच्या घरी यंत्र असेल तर एक ऐका. हंगाम संपला की त्याच्या पोटातला भुसा काढा, नाहीतर उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. वेळेवर तेल द्या. आणि दुसरं घ्यायला गेलात तर रंगावर भाळू नका, हात घालून बघा.

परवा कापणी सुरू व्हायची होती. मालक पाना घेऊन विटक्याच्या खाली शिरले. त्याचे चांगले धड बसवलेले पाइप सोडले आणि उलटे जोडले. बायकोने विचारलं, हे काय आता? मालक म्हणाले, "हाताला असंच बरं पडतं."

कापणीच्या दिवशी सकाळी विटक्या शेताच्या तोंडाशी थांबला. मालकांनी दांडा पुढे ढकलला आणि कटर वर गेला. मी शेडमागून बघत होतो. जळत तर होतोच. पण मान उचलायची ती रीत माझी होती.