शेवटच्या बांधीचा खुंटा

मित्रांनो, कोसमघाटच्या तलावावर आलात तर मला शोधू नका, मी दिसणार नाही. पाळीवर उभे राहिलात की पाण्यातून वर आलेले दोन दगडी खांब दिसतील. त्यांच्यामधून डोके काढलेला एक दांडा दिसेल. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला, दीड पुरुष पाण्याखाली मी आहे. येनाच्या, म्हणजे तुमच्या ऐनाच्या, लाकडाचा एक खुंटा. तलावाच्या पायऱ्या फार शेवाळलेल्या आहेत, म्हणून मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय खाली उतरू नका. प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगतो आणि मगच गोष्ट सुरू करतो.

आमचे कोसमघाट दरेकशाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. गाव म्हणावे तर बुधवारचा मोठा बाजार भरतो, शहर म्हणावे तर दोनच गल्ल्या. डोंगरावरून उतरणारे सगळे पाणी जुन्या लोकांनी पाळ घालून अडवले, तो हा तलाव. पाळीच्या पोटातून एक दगडी नळ आरपार जातो. त्याला तुडुम म्हणतात. तुडुमाचे तोंड मी बंद करतो. मला वर ओढले की तलाव पाटात उतरतो आणि पाटातून बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पसरतो. हजार एकर धानाचे पाणी माझ्यासारख्या हातभर लाकडाच्या आड थांबते, याचे मला अजूनही नवल वाटते. पहिल्या पावसाळ्यात तर मी नुसता थरथरत होतो.

मला घडवले गोवर्धन सुताराने, देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. आधीचा खुंटा साठ वर्षे टिकला होता. गोवर्धनने तुडुमाच्या तोंडाचे माप सुतळीने घेतले, मला एका बाजूने निमुळते केले आणि मग आठ दिवस डबक्यात बुडवून ठेवले. गावात नुकतीच लग्न होऊन आलेली फुलवंता धुणे धुवायला तिथे येत असे. तिने डोक्यावरचा पदर सावरत विचारले, "एवढं चांगलं लाकूड सडवून कायले राहिले जी?"

"सडत नाही पोरी, फुगते," गोवर्धन म्हणाला. "हा पाण्यातला जीव आहे. पाण्यात ठेवशीन तर तुह्या नातवाले पुरन. उन्हात टाकशीन तर दोन सालात सरपण."

फुलवंताने मला बोटाने दाबून पाहिले. नव्या घरात आलेली सून सगळे तसेच दाबून पाहते.

माझ्या कामाची एक रीत होती. ती कोणी घालून दिली, कोणालाच ठाऊक नव्हते. पाटाच्या अगदी शेवटी ज्याची बांधी, त्यानेच येऊन मला वर ओढायचे. मग पाण्याबरोबर पायी चालत आपल्या बांधीपर्यंत जायचे. वाटेतल्या कोणी तोवर आपल्या बांधीचा धुरा फोडून पाणी घ्यायचे नाही. आधी शेवटची बांधी भिजायची, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, आणि तलावाला लागून असलेली बांधी सगळ्यांत शेवटी. शेवटची बांधी फुलवंताच्या सासऱ्याची, सुखरामची होती. तो यायचा, पागोटे काढून पाळीवर ठेवायचा आणि मला ओढायचा. पाणी वाटणारा पाणकर कवडू त्याच्यासोबत चालायचा. कवडूला पाटातला प्रत्येक दगड नावाने ठाऊक होता.

चार वर्षे अशी गेली. मग एक्कावन्न साली मालगुजारी संपली. मालगुजार, म्हणजे गावाचा आणि तलावाचा मालक, फुकटात राबवून घेत असे, तेव्हा तो गेल्याचा आनंद मलाही झाला. तलावाच्या पाळीवर ढोल वाजले. त्या आनंदात एक चूक झाली, मित्रांनो. तलावाला लागून ज्याची बांधी होती तो लक्ष्मीचंद, तेव्हा ऐन तिशीतला, छाती काढून म्हणाला, "तलाववाला गेला, आता त्याचे नेम कायले पाळाचे? ज्याच्या दारात पाणी, त्यानं घ्यावं."

"नेम मालगुजाराचा नव्हता गा," कवडू म्हणाला. "त्याच्या बापाच्याही आधीचा होय."

"मंग तर लयच जुना झाला," लक्ष्मीचंद म्हणाला, आणि सगळे हसले.

मला वर ओढले आणि पाळीवर फेकले. माझा दांडा कोणीतरी घराच्या आड्यासाठी नेला. तुडुमाच्या तोंडात मळलेल्या धानाचे तणीस आणि चिखल कोंबला. पाहिजे तेव्हा काढायचा, पाहिजे तेव्हा कोंबायचा. कवडूने मला खांद्यावर घरी नेले, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून गोठ्यात ठोकून वासरू बांधले.

पाच वर्षे मी वासराचा खुंटा होतो. एक मोठे झाले की दुसरे बांधले जाई, सगळी फार गुणी होती, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या अंगाला भेगा पडत गेल्या. एकेका भेगेत करंगळी जाईल एवढी.

गोठ्यातून तलाव दिसत नसे, पण तलावाचे हाल ऐकू येत. तणसातून पाणी रात्रंदिवस झिरपे. दिवाळी येईपर्यंत तलावात गुडघाभर चिखल उरे. आधी शेवटच्या बांध्या वाळल्या, मग मधल्या. धान नाही म्हणून तेलघाणी थांबली, कुंभाराचा आवा थांबला, बुधवारच्या बाजारात निम्मे ओटे रिकामे राहू लागले. आमगावकडून येणाऱ्या गाडीत बसून लोक पूर्वेला कोळशाच्या खाणींकडे निघाले. कवडू संध्याकाळी वासराला चारा टाकताना मोजत असे, आज धुरपताचे घर गेले, आज शालीकरामचे. कुलूप लावून गेले, म्हणजे परत यायचा विचार आहे, असे तो वासराला समजावून सांगे.

सुखराम वारला. त्याचा मुलगा चैनलाल खाणीवर गेला. फुलवंता मागे राहिली, दोन वर्षांच्या चमेलीला घेऊन. छप्पन सालच्या उन्हाळ्यात चैनलालचे पत्र आले, ते तिने कवडूच्या ओसरीवर बसून वाचले. फुलवंता चार बुके शिकलेली होती. पत्रात लिहिले होते, या दिवाळीला तुम्हा दोघींना घ्यायला येतो, बांधी पडू दे, दोन वर्षे झाली तिने लोंबी दाखवली नाही.

"जाशीन का?" कवडूने विचारले.

"खाणीवरच्या चाळीत अंगणात कोळसा उडते म्हणतात, बाबा. चमेली आतापासूनच खोकलते." ती चमेलीच्या छातीला कान लावून बसली. दिवसातून चारदा ती तसे करायची. "बांधीत धान दिसलं तर ते राहतीन. धान नाही दिसलं तर काय म्हणून थांबवू त्यायले?"

तेवढ्यात चमेली दुडुदुडु गोठ्यात आली आणि माझ्या भेगेत बोट घालून बसली. फुलवंता धावत आली, बोट सोडवले, फुंकर घातली, आणि मग मला ओळखले.

"बाबा, हा तर पाण्यातला जीव आहे."

त्या ज्येष्ठात मी पुन्हा तलावावर गेलो. कवडूने डोंगरावरून नवा दांडा आणला. फुलवंता आणि रुख्मिणी सुतारीण, म्हणजे गोवर्धनची बायको, कोरड्या तलावात उतरल्या आणि तुडुमातले पाच वर्षांचे तणीस उकरून काढू लागल्या. दोन दिवस लोक पाळीवर उभे राहून पाहत होते. तिसऱ्या दिवशी नंदाबाई घमेले घेऊन आली. म्हणाली, गाळ तसाही बांधीत टाकायला लागतोच. मग बैलांच्या बंड्या जुंपल्या गेल्या. जाऊन जाऊन उरलेले चाळीस उंबरे होते. त्या चाळीस उंबऱ्यांनी पंधरा दिवसांत पाळीला इतक्या वर्षांत पडलेले भगदाड बुजवले आणि तलावाचे पोट साफ केले. मी काठावर पडल्या पडल्या पाहत होतो. डोंगराएवढा गाळ माणसे टोपल्याटोपल्याने उचलतात, हे डोळ्यांनी पाहिले नसते तर मला कोणी सांगून पटले नसते.

लक्ष्मीचंदही आला. त्याची बांधीही आता कार्तिकात भेगाळत असे. त्याने गाळ उपसला, पण मला तुडुमात ठोकताना पाहून म्हणाला, "वाळल्या लाकडानं पाणी थांबते का? चाळणी होय ते."

तो खोटे बोलत नव्हता. आषाढात तलाव चढू लागला आणि माझ्या भेगांतून पाणी मनगटाएवढी धार धरून पलीकडे पडू लागले. मित्रांनो, मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. लोक पाळीवर जमले. उपटा त्याले, तणीस कोंबा, असे सगळे म्हणू लागले.

फुलवंता पाळीखाली, जिथे तुडुमाचे पाणी बाहेर पडते तिथे उभी होती. लक्ष्मीचंद नात्याने तिचा भासरा लागत होता, नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. त्याच्याशी ती थेट बोलत नसे. सुनांनी भासऱ्याशी बोलायचे नाही, अशी तिथली रीत. म्हणून ती कडेवरच्या चमेलीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "चमेली, मोठ्या बाबाले सांग, आठ दिवस द्या म्हणा. गोवर्धनबाबानं आठ दिवस भिजवलं होतं याले."

लक्ष्मीचंदही चमेलीलाच म्हणाला, "सांग तुह्या मायले, आठ दिवसांत तलाव रिकामा होते."

"वरून येऊन राहिलं तेवढं जाऊन नाही राहिलं, चमेली. खांबाचा काल उघडा होता तो दगड बुडाला का नाही, पाहायले सांग."

लक्ष्मीचंदने खांबाच्या दगडाकडे पाहिले. दगड बुडाला होता. खाली बसून त्याने चिलीम काढली.

ते आठ दिवस मी जन्मभर विसरणार नाही. पाणी माझ्या रेषारेषांत शिरत होते. पाच वर्षांचे ऊन अंगातून निघत होते. मी काहीच करत नव्हतो, फक्त भिजत होतो, आणि आपोआप मोठा होत होतो. फुलवंता रोज तीन वेळा येऊन धार पाही. दुसऱ्या दिवशी धार बोटाएवढी झाली. चौथ्या दिवशी करंगळीएवढी. सहाव्या दिवशी सुतळी. आठव्या दिवशी ती आली, चमेलीला मांडीवर घेऊन बसली आणि बराच वेळ बसून राहिली. एक थेंब पडला. दुसरा पडेपर्यंत चमेली झोपून गेली होती.

पोळ्यानंतर पाऊस थांबला. उत्तरा नक्षत्र कोरडे गेले. हत्ती नक्षत्रात धान पोटरीत आले, तेव्हा पाणी नाही मिळाले तर लोंबी पोचट निघते. सगळे उंबरे सकाळी पाळीवर आले. तलाव काठोकाठ होता, डोंगर त्यात उलटा उभा होता. लक्ष्मीचंद सगळ्यांत आधी आला होता. दांड्याला त्याच्याइतके जवळ कोणी नव्हते.

"कोण ओढते?" कवडूने विचारले.

शेवंता तेलीण म्हणाली, "शेवटच्या बांधीवाला. पण सुखराम गेला, चैनलाल इथं नाही."

"बांधी तर आहे ना," कवडू म्हणाला. "रोवली कोणं?"

सगळ्यांनी फुलवंताकडे पाहिले. खांबापर्यंत जायला एकच फळी होती, खाली दीड पुरुष पाणी. तिला पोहता येत नव्हते. शिवाय कडेवर चमेली. फुलवंता फळीकडे पाहत राहिली, मग चमेलीकडे. मग पुढे झाली आणि मुलीला सरळ लक्ष्मीचंदच्या हातात दिली.

"दोन्ही हातानं धरा," ती म्हणाली. पदर डोक्यावर होता, पण हे ती चमेलीला म्हणाली नव्हती. "पाणी बांधीवर पोहचेपर्यंत खाली नोका ठेवू. ते लगेच पाण्याकडे पळते."

मग ती फळीवरून आली. दांडा दोन्ही हातांनी धरला, तसे मला खाली कळले. तिने ओढले. मी हललो नाही, इतका घट्ट बसलो होतो. दुसऱ्यांदा ओढले तेव्हा तुडुमात घुमल्यासारखा आवाज झाला आणि तलाव माझ्या अंगाखालून निघाला.

पुढचे मला कवडूने सांगितले. पाणी पाटातून चालले, त्याच्या पुढे फुलवंता, बाजूला कवडू, मागे लक्ष्मीचंद चमेलीला खांद्यावर घेऊन. त्याची स्वतःची बांधी पहिलीच लागली. धुरा फोडायला एक लाथ पुरे होती. पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले, आणि चमेलीने त्याचे केस मुठीत धरलेले. तो पुढे चालत राहिला. वाटेतल्या बांधीवाल्यांनी ते पाहिले आणि कोणीच कुदळ उचलली नाही. दीड कोस असा तो चालला. दुपारी पाणी शेवटच्या बांधीत शिरले, तडकलेल्या मातीतून बुडबुडे आले, आणि फुलवंता धुऱ्यावर बसली. लक्ष्मीचंदने मगच चमेलीला खाली ठेवले.

दिवाळीला चैनलाल आला तो रिकामी पेटी घेऊन, सामान भरायला. स्टेशनावरून येताना शेवटची बांधी वाटेतच लागते. तिथे तो किती वेळ उभा होता ते ठाऊक नाही, पण घरी आला तेव्हा हातात एक लोंबी होती आणि पेटी मात्र धुऱ्यावरच विसरला होता. ती रुख्मिणीने आणून दिली. त्याच आठवड्यात आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला म्हणतात. कोसमघाटात त्या आठवड्यात धानाचीच चर्चा होती.

मग एकेक कुलूप उघडत गेले. शालीकराम आला, धुरपता आली. कुंभाराचा आवा पेटला. गेल्या वर्षी बाजाराच्या बाजूला धान सडायची गिरणी सुरू झाली, तिचा आवाज मला पाण्याखाली येतो. बुधवारी माणसांचा येतो. एका गावात इतके पाय असतात हे मी विसरूनच गेलो होतो.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे थोडे आहे. मला पाण्यात ठेवा. दर ज्येष्ठात पाळीवर एक टोपली माती टाका. आणि गावात एखादी जुनी गोष्ट कोरडी, भेगाळलेली पडलेली दिसली, तर तिला सरपणात टाकण्याआधी आठ दिवस भिजवून पाहा.

यंदा मे महिन्यात महाराष्ट्र झाला, शाळेत बत्तासे वाटले. यंदाही हत्ती नक्षत्रात फुलवंता फळीवर येईल. चैनलाल घरी असतो, तरी ओढायची तिनेच, असे गावाने ठरवले आहे. चमेली आता सहा वर्षांची झाली, तिला पोहता येते. तरी लक्ष्मीचंद सकाळीच पाळीवर येऊन दोन्ही हात पुढे करतो आणि विचारतो, "आणा, पोरगी कुठं आहे?"

खांद्यावर बसली की तिचे पाय त्याच्या कमरेपर्यंत लोंबतात. दीड कोस तो तसाच चालतो.