खिळ्यावरचा चष्मा

दक्षिण ध्रुवाभोवती हिवाळाभर वाऱ्याचा अवाढव्य भोवरा फिरतो, आणि उन्हाची चाळणी, म्हणजे ओझोन, फाटलेली हवा त्याच्या पोटात कोंडलेली असते. वसंतात त्याची कड सरकत पातागोनियाच्या डोक्यावर येते. एदेल्मिरा बार्रिया फुगे सोडून त्या हवेचं माप घ्यायची. कड म्हणजे भिंतच, आतलं बाहेर येत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. मेली अक्कल!

पाच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी कड लांब होती. लांबच्या मेंढवाड्यांवर फोन नाहीत; नऊ वाजता रेडिओवर निरोप वाचतात, अख्खा मुलूख ऐकतो. तिनं मेंढवाड्यावरच्या खोपटात राहणाऱ्या भावाला निरोप धाडला: "उलीसेस, आज आभाळ धड आहे. काढ तो चष्मा, घुबड दिसतोस."

दुपारी कडेपासून हवेची एक जीभ सुटली आणि त्याच्या माथ्यावरून गेली. खाली बर्फ, वर नागडं ऊन. अंधार पडेतो त्याचे डोळे गेले. चाचपडत पाण्याला निघाला तो घळीत मेलेलाच सापडला, डोळ्यांना फडकं बांधलेला. कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. पण नऊ वाजले की तिच्या कानात तेच वाजायचं: घुबड दिसतोस.

काल बाबा, आबेलार्दो, त्यानंतर पहिल्यांदाच त्या खोपटावर मेंढ्या आणायला गेले होते. कड आजही लांबच. रेडिओवर निरोप वाचणाऱ्या निएवेसला तिनं फोन लावून आभाळ धड असल्याचं सांगितलं, आणि तरी निरोप दिला.

"लिही. बाबा, चष्मा घाला. घरी येईपर्यंत काढू नका."

"अगं, आभाळ धड आहे असं आत्ता तूच म्हणालीस की!"

"धड असू दे नाहीतर फाटू दे. तू वाच मुकाट्यानं."

दुपारी फुग्याचे आकडे आले. अठरा किलोमीटर उंचीवर ओझोनची रेघ धाडकन खाली गेली होती. जीभ सुटली होती! बरं झालं बाई निरोप धाडला, म्हणत ती बाबांच्या घरी गेली, तर टेबलावर, माते नावाच्या कडू चहाच्या भांड्याशेजारी, बाबांचा चष्मा.

 "विसरभोळं म्हातारं!" ती रिकाम्या घरात ओरडली आणि रडायलाच लागली. खोपटापर्यंत गाडी जात नाही. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही.

उन्हं कलल्यावर आधी कुत्रा आला, मग मेंढ्या, मग घोडा. घोड्यावर उलीसेस होता. तोच काळा, बाजूंनी कातडं लावलेला चष्मा. ती किंचाळणार, तोच स्वार खोकला. बाबांचा खोकला.

त्यांनी चष्मा काढला. डोळे स्वच्छ होते.

"खिळ्यावर होता," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझं ऐकून त्यानं टांगला, तो तसाच."

"बाबा..."

"आज तू घाल म्हणालीस, मी घातला. आम्ही दोघंही तुझं ऐकतो गं, पोरी."