बिनमिठाचं पातेलं

आमच्या घरात सगळ्यात व्यवस्थित जेवतो तो मुकादम. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. मी काहीही काम करत असले की समोर बसून देखरेख करतो, म्हणून हे नाव. शिळंपाकं खाऊन त्याच्या पोटाची पार वाट लागली होती, उलट्या होऊन होऊन नुसता सांगाडा उरला होता. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून शिकवलं: निम्मं मांस, मग मऊ भात, लाल भोपळा, गाजर, अंड्याच्या टरफलांची चिमूटभर पूड, कलेजी कधीतरीच. कांदा नाही, मीठ नाही, आणि शिजवलेलं हाड तर मुळीच नाही, कारण ते फुटून टोकदार होतं आणि घसा, आतडी फाडतं. मी सगळं तंतोतंत पाळलं आणि मुकादम पुन्हा उभा राहिला.

याचा सगळ्यात जास्त राग आला माझ्या धाकट्या दिराला. भावजींचं मटणाचं दुकान. दिवसभर सत्तूर चालवायचा आणि घरी आल्यावर हात चालवायचा, एवढंच त्यांना येतं. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाचा, पुढचा दात त्यांनीच पाडलाय. तेव्हापासून नवरा त्यांच्यासमोर मूग गिळून बसतो. माझ्या अंगाला तेवढा अजून हात लागला नव्हता, कारण मध्ये मुकादम असायचा. एकदा भावजींनी त्याच्या पातेल्यात बोट घालून चाखलं आणि तिथेच थुंकले. हा कुत्रा आहे की आजारी सासरा, असं त्यांनी मला विचारलं. भोपळा खाऊन कुत्र्याची शेळी झाली, असं ते गल्लीभर सांगत फिरायचे.

त्या सुट्टीच्या दुपारी मुकादमाचं जेवण गॅसवर रटरटत होतं. भावजी बाहेरच्या खोलीत बाटली उघडून मटण ओरपत बसले होते. अचानक घरघर ऐकू आली. धावत गेले तर मुकादम आडवा पडलेला, डोळे पांढरे, पंजाने स्वतःचंच तोंड ओरबाडत होता. ताटातलं शिजलेलं नळीचं हाड भावजींनी त्याला टाकलं होतं. वर हसत होते.

मी जबडा फाकवला आणि उजवा हात घशात घातला. मुकादमाला मी ओळखू येत नव्हते, त्याला फक्त मरण दिसत होतं. तो चावला. दात तळव्यात खोल रुतले, हाडावर घासल्याचा आवाज मी ऐकला. पण बोटांना नळीचं टोक लागलं होतं आणि ते काही मी सोडणार नव्हते. ओढलं. नळी आली, तिच्यामागून रक्त आलं, त्यातलं माझं किती आणि त्याचं किती कोण जाणे. मुकादम खोकत स्वयंपाकघरात पळाला आणि ओट्याखाली शिरला.

मी त्याच्यामागे गेले. पाठोपाठ भावजी आले, धार लावायला घरी आणलेला सत्तूर हातात घेऊन. आवाज ऐकून नवराही आला आणि दारातच थांबला.

"वहिनी, बाजूला व्हा," भावजी म्हणाले. "माणसाचं रक्त लागलंय त्याच्या तोंडाला. आता त्याला ठेवायचा नाही."

"भावजी, सत्तूर खाली ठेवा."

आमचं बोलणं नेहमी असं अदबीचंच असतं. त्यांनी माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते गुडघ्यावर बसले, मुकादमाला मानेला धरून ओट्याखालून ओढलं आणि सत्तूर वर उचलला.

मी पातेलं उचललं. फडकं शोधायला वेळ नव्हता. उकळता भात, मांस, भोपळा, सगळं त्या उचललेल्या हातावर आणि खांद्यावर ओतलं. मुकादम सुटून कोपऱ्यात गेला. मग रिकाम्या पातेल्याने मी भावजींच्या मनगटावर हाणलं, एकदा आणि परत एकदा. मनगट मोडल्याचं मला हाताला कळलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सत्तूर फरशीवर खणकन पडला.

भावजी किंचाळत भिंतीला टेकून खालीच बसले. शर्टाला भात चिकटला होता आणि दंडाची कातडी सुटत होती.

"मीठ नाही त्यात," मी म्हणाले. "नाहीतर अजून झोंबलं असतं."

मुकादम कोपऱ्यातून बाहेर आला. त्याची जेवायची वेळ झाली होती. फरशीवर सांडलेला भोपळा निवेपर्यंत तो थांबला, मग हळूहळू चाटायला लागला. घसा दुखत असणार. चाटत चाटत तो भावजींच्या पायापाशी पोचला, तिथून मांडीवर, तिथून भाजलेल्या दंडावर. भावजींनी श्वास रोखला.

"दादा," ते नवऱ्याला म्हणाले. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "याला बाजूला घे ना."

नवरा आत आला. सत्तूर उचलून त्याने वरच्या फळीवर टाकला, नळ सोडला आणि माझा फाटलेला हात पाण्याखाली धरला. भावाकडे वळूनही पाहिलं नाही.

"जेवतोय तो," नवरा म्हणाला. "हलू नकोस."